रंगाचे नाव आणि रंगाचा नमुना

(इयत्ता तिसरी व चौथी : परिसर अभ्यास व चित्रकला)

प्राथमिक शाळेत रंगांची ओळख अगदी पहिल्या वर्षी होते. चित्र दाखवावयाचे, रंग विचारावयाचा आणि अपेक्षित शब्द आला की पुढच्या चित्राकडे वळावयाचे, असा त्याचा परिपाठ आहे. नाव एक असले म्हणजे ते उच्चारणाऱ्या सर्वांच्या मनातील रंगही एकच असतो, असे या परिपाठात गृहीत धरलेले असते. हे गृहीत खरे नसेल, तर ज्या मुलाचे उत्तर चूक ठरविले जाते त्याच्यावर कित्येकदा अन्याय होत असला पाहिजे. या प्रश्नाचा विचार करण्यास एक बोधप्रद उदाहरण परदेशातील एका खेळण्याच्या संग्राहकांच्या व्यवहारात सापडते. ते उदाहरण येथे प्रथम सविस्तर दिले असून, त्याच्या आधारे वर्गात घेता येण्याजोगा एक पाठ लेखाच्या उत्तरार्धात सुचविला आहे.

विटांचा खेळ

डेन्मार्क देशातील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. १९३४ साली त्याने आपल्या उद्योगास ‘लेगो’ हे नाव दिले. डॅनिश भाषेतील ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. पुढे या उद्योगात प्लास्टिकच्या विटा होऊ लागल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी आज प्रचलित असलेल्या विटेच्या पेटंटासाठी अर्ज केला. या विटेच्या वरच्या अंगास गोल उंचवटे असतात व आतल्या अंगास पोकळ नळ्या असतात. त्यामुळे एक वीट दुसरीवर दाबली की ती घट्ट बसते आणि ओढली की सहज सुटते.

या विटेच्या आकाराबाबत कमालीची काटेकोर दक्षता घेतली जाते. तिचे साचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतके अचूक असतात. त्यामुळे १९५८ सालची वीट आज तयार झालेल्या विटेवर बिनचूक बसते. शिवाय पुष्कळ विटांच्या आतल्या बाजूस त्या आकाराचा क्रमांक साच्यातच उठविलेला असतो. आकाराविषयी दोघांत मतभेद झाला, तर वीट उलटी करून क्रमांक वाचला की वाद मिटतो.

रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. विटेवर रंगाचे नाव वा क्रमांक कोठेही नसतो. प्रारंभी तांबडा, पिवळा, निळा, पांढरा असे मोजकेच रंग होते, तोवर ही उणीव कोणास जाणवली नाही. पुढे रंगांची संख्या वाढत वाढत कित्येक डझनांपर्यंत गेली. त्याच काळात या विटा जमविणाऱ्या प्रौढ माणसांचा मोठा समुदाय निरनिराळ्या देशांत तयार झाला. हे लोक मोठाल्या इमारती, पूल, आगगाड्या रचतात. त्यांना एकाच रंगाच्या शेकडो सुट्या विटा लागतात, आणि त्या ते दूरदेशीच्या विक्रेत्याकडून टपालाने मागवितात. मागणी करताना वीट दाखविता येत नाही, तिचे केवळ नाव लिहिता येते. अडचणीचा उगम येथेच आहे.

एका रंगाची तीन नावे

या विटांच्या रंगांना नावे देण्याच्या आज निदान तीन पद्धती रूढ आहेत. पहिली खुद्द कंपनीची. दुसरी ‘ब्रिकलिंक’ या पेठेची. सुट्या विटांच्या खरेदीविक्रीसाठी संगणकाच्या जाळ्यावर २००० साली सुरू झालेली ही पेठ संग्राहकांत सर्वत्र परिचित आहे. २०१९ साली ती लेगो कंपनीनेच विकत घेतली. तिसरी पद्धती ‘एलड्रॉ’ची. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ साली संगणकाच्या पडद्यावर विटांची रचना काढण्याची ही सोय निर्माण केली.

या तिन्ही पद्धतींतील काही क्रमांक शेजारी शेजारी ठेवले म्हणजे घोटाळ्याचे स्वरूप ध्यानात येते.

तांबडा : कंपनी २१, ब्रिकलिंक ५, एलड्रॉ ४.
पांढरा : कंपनी १, ब्रिकलिंक १, एलड्रॉ १५.
निळा : कंपनी २३, ब्रिकलिंक ७, एलड्रॉ १.
फिकट बदामी : कंपनी ५, ब्रिकलिंक २, एलड्रॉ १९.
हिरवा : कंपनी २८, ब्रिकलिंक ६, एलड्रॉ २.

एखाद्याने केवळ ‘५ क्रमांकाच्या शंभर विटा पाठवा’ असे लिहिले, तर कंपनीच्या यादीप्रमाणे त्या फिकट बदामी निघतील आणि ब्रिकलिंकच्या यादीप्रमाणे तांबड्या निघतील. ‘१ क्रमांक’ म्हणजे दोन ठिकाणी पांढरा, तर तिसऱ्या ठिकाणी निळा. एलड्रॉचे क्रमांक असे का, याचे कारण साधे आहे. त्या काळच्या संगणकांत सोळा रंगांची एक ठरीव मालिका असे, आणि तिच्यात काळा ०, निळा १, हिरवा २, तांबडा ४ असा क्रम होता. तोच क्रम विटांनाही लागला. प्रत्येक पद्धती आपल्या जागी सुसंगत आहे. गोंधळ होतो तो एका पद्धतीचा क्रमांक दुसरीत वाचला म्हणजे.

नावांची स्थिती क्रमांकांहून बिकट आहे, कारण क्रमांक निदान परका वाटतो, नाव मात्र ओळखीचे वाटते. सर्वसाधारण तांबड्या विटेस कंपनी ‘ब्राइट रेड’, म्हणजे झळझळीत तांबडा, असे म्हणते, आणि संग्राहक नुसते ‘रेड’ म्हणतात. हिरव्याच्या बाबतीत तर नावांची अदलाबदल झालेली आहे. कंपनी ज्यास ‘डार्क ग्रीन’, म्हणजे गडद हिरवा, म्हणते तो रंग ब्रिकलिंकवर साधा ‘ग्रीन’ आहे. ब्रिकलिंकवर ‘डार्क ग्रीन’ म्हणून जो रंग विकला जातो, त्यास कंपनीने ‘मातकट हिरवा’ अशा अर्थाचे वेगळेच नाव दिलेले आहे. समजा, एकाने झाडांच्या दाट पानोऱ्यासाठी ‘डार्क ग्रीन’ विटा मागविल्या आणि तो शब्द त्याने कंपनीच्या यादीतून घेतला होता. विक्रेत्याने ब्रिकलिंकच्या अर्थाने त्या शब्दाच्या विटा पाठविल्या. दोघांनीही शब्द नीट वाचला, दोघेही प्रामाणिक होते. तरीही खोके उघडल्यावर भलताच हिरवा निघाला. येथे खोटे कोण बोलले, असा प्रश्नच उद्भवत नाही. शब्द एक असून त्याच्यामागील नमुने दोन होते.

२००४ सालचा करडा रंग

या संग्राहकांत सर्वांत अधिक चर्चा झाली ती करड्या रंगाची. २००४ सालच्या सुमारास कंपनीने फिकट करडा, गडद करडा व तपकिरी हे आपले तीन जुने रंग बदलले. नवे दोन्ही करडे रंग किंचित निळसर झाक असलेले होते आणि नवा तपकिरी थोडा तांबूस होता. कंपनीने नव्या करड्यांना ‘दगडी करडा’ अशा अर्थाची नावे दिली.

दुरून पाहणाऱ्यास हा फरक जाणवणारही नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे करड्या विटा जमवून किल्ले व तटबंद्या उभारल्या होत्या, त्यांना मात्र तो तत्काळ दिसला. जुन्या भिंतीत नवी वीट बसविली की आकाराने ती चपखल बसे, पण रंगाने ठिगळासारखी उठून दिसे. त्यामुळे जुना करडा व नवा करडा वेगवेगळा विकणे आवश्यक झाले आणि त्यासाठी दोन नावे लागली. कंपनीची नावे सर्वांस ठाऊक नव्हती. तेव्हा संग्राहकांनी नव्या रंगांस ‘निळसर करडा’ म्हणण्यास सुरुवात केली. काहींनी निळा व करडा या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची मोडतोड करून ‘ब्ले’ असा एक नवाच शब्द घडविला. या शब्दाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. व्यवहारात दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची निकड उत्पन्न झाली की लोक शब्द निर्माण करतात. निकड नसेल तेथे एकच शब्द दोघांना पुरतो. आपल्याकडेही धान्याच्या व्यापाऱ्यापाशी गव्हाच्या रंगासाठी जितके शब्द असतात, तितके शहरातील गिऱ्हाइकापाशी नसतात.

घोळाची कारणे

संग्राहकांच्या या अडचणींच्या मुळाशी जी कारणे आहेत, ती सर्वत्र लागू पडणारी आहेत.

पहिले कारण, रंगांची नावे आसपासच्या वस्तूंवरून पडतात. वर ज्यास फिकट बदामी म्हटले, त्यास कंपनी ‘ब्रिक यलो’, म्हणजे विटेचा पिवळा, असे म्हणते. डेन्मार्कात पिवळसर विटांची घरे पुष्कळ असल्याने तेथे हे नाव खटकत नाही. मराठी माणूस ‘विटकरी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भट्टीतून निघालेली तांबूस वीट असते. त्याच रंगास ब्रिकलिंकवर ‘टॅन’ म्हणतात, आणि हे नाव कातडे कमावण्याच्या धंद्यातून आलेले आहे. एकच रंग एकाने घराच्या भिंतीवर पाहिला व दुसऱ्याने चामड्यावर पाहिला, इतकाच भेद.

दुसरे कारण, ‘गडद’, ‘फिकट’, ‘झळझळीत’ ही विशेषणे सापेक्ष आहेत. कोणाहून गडद, हे सांगितल्यावाचून त्यांना निश्चित अर्थ प्राप्त होत नाही. ब्रेंट बर्लिन व पॉल के या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली अनेक भाषांतील रंगवाचक शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्याही भाषेत रंगांची मूलभूत नावे फार थोडी, सुमारे अकरापर्यंतच असतात, असे त्यांनी मांडले. अकरा शब्दांनी कित्येक डझन रंगांचे काम भागवावयाचे म्हटले की विशेषणांचा आधार घ्यावाच लागतो.

तिसरे कारण प्रकाश होय. दिव्याच्या पिवळ्या उजेडात जुना व नवा करडा वेगळा ओळखणे कठीण जाते आणि गडद निळा काळ्यात मिसळून जातो. उन्हाच्या उजेडात हे भेद स्पष्ट दिसतात.

चौथे कारण काळाचे. १९६३ सालापासून या विटा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या होऊ लागल्या. उन्हात दीर्घकाळ राहिल्यास त्या पिवळट पडतात. खिडकीत ठेवलेली पांढरी वीट काही वर्षांनी पांढरी म्हणावी की पिवळी, असा प्रश्न पडतो.

पाचवे कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याचे. काहींना जन्मतः तांबडा व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे शेकडा ८ जण आढळतात, तर स्त्रियांत हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते.

उपाय कोणता?

अनुभवी संग्राहकांनी या घोळातून जो मार्ग काढला, तो साधा आहे. त्यांनी निरनिराळ्या पद्धतींची नावे व क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेली कोष्टके तयार केली. मागणी करताना नावाबरोबर ते कोणत्या यादीतील आहे हेही लिहिण्याची सवय लावून घेतली. काहींनी प्रत्येक रंगाची एकेक खात्रीची वीट वेगळी काढून तिचा नमुना म्हणून उपयोग केला. संशय आला की वीट दिवसाच्या उजेडात नमुन्याशी लावून पाहावयाची.

या मार्गाची तात्त्विक बैठक एका शिक्षकाने पूर्वीच घालून दिली होती. अमेरिकेतील बोस्टन शहरी चित्रकला शिकविणारे आल्बर्ट मुन्सेल यांना रंगांच्या रूढ नावांतील संदिग्धता खटकत असे. १९०५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रत्येक रंगाचे तीन गुण मानले : त्याची जात, म्हणजे तो तांबडा की पिवळा की निळा, त्याचा उजळपणा, आणि त्याचा तीव्रपणा. या तीन गुणांवरून रंगास एक खूण द्यावयाची आणि त्या खुणेचा नमुना पत्रिकेत लावावयाचा, अशी ती योजना होती. मृदाशास्त्रज्ञ आजही मातीचा रंग ठरविताना ढेकूळ मुन्सेलच्या पत्रिकेतील नमुन्यांशी ताडून पाहतात. ‘काळी माती’ एवढे म्हटल्याने त्यांचे समाधान होत नाही.

वर्गातील पाठ

खेड्यातील शाळेत लेगोच्या विटा नसल्या तरी काही बिघडत नाही. पाठाचे साहित्य गावातच विपुल आहे : झाडांची पाने, दोऱ्याच्या रिळांतील तुकडे, फुटक्या बांगड्यांच्या काचांऐवजी रंगीत कागदाच्या पट्ट्या, निरनिराळ्या डाळी, दोनतीन शेतांतील माती. हा पाठ दिवसा, शक्यतो व्हरांड्यात घ्यावा.

प्रथम मुलांकडून त्यांच्या घरची रंगनावे काढून घ्यावी व ती फळ्यावर लिहावी. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, राखी, विटकरी असे शब्द मुले आपण होऊन सांगतील. प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूवरून आला, ते मुलांनाच शोधू द्यावे.

नंतर ‘तांबडा’ हा एकच शब्द घ्यावा. तांबडा भोपळा, तांबडी गाय, तांबडी माती, तांबडे कुंकू या चार वस्तूंचा रंग एकच आहे काय, असे विचारावे. भोपळ्याचा गर नारिंगी असतो आणि गाय तपकिरी असते, हे मुलांच्या चटकन ध्यानात येईल. एक शब्द किती रंगांवर पसरतो, हे येथे उलगडते.

त्यानंतर वर्गाचे दोन गट करून त्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवावे. दोन्ही गटांपुढे सारख्याच आठदहा रंगांचे तुकडे ठेवावे. पहिल्या गटाने एक तुकडा उचलून केवळ त्याचे नाव सांगावे व दुसऱ्या गटाने त्या नावाचा तुकडा उचलावा. मग दोन्ही तुकडे शेजारी धरून पाहावे. हिरव्या, निळ्या व तपकिरी रंगांत पुष्कळदा चूक होईल. ही चूक कोणाची, हे ठरविण्याची घाई करू नये. सांगणाऱ्याने कोणता हिरवा मनात धरला आणि ऐकणाऱ्याने कोणता, हे दोघांकडून वदवून घ्यावे.

अखेरीस मुलांकडून वर्गाची एक रंगपट्टी करून घ्यावी. जाड कागदावर तुकडे चिकटवून प्रत्येकाखाली क्रमांक व वर्गाने सर्वानुमते ठरविलेले नाव लिहावे. एका रंगास घरोघरी दोनतीन नावे असतील, तर तीही खाली लहान अक्षरांत लिहावी. हाच खेळ रंगपट्टीतील क्रमांक सांगून पुन्हा खेळावा. चुका किती कमी झाल्या, ते मुलांनी स्वतः मोजावे. रंगपट्टी वहीत घालून कपाटात ठेवावी. भिंतीवर उन्हात टांगल्यास नमुनेच फिके पडतील.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

मुलाने पुस्तकातील नावाहून वेगळे नाव सांगितले, तर त्याने कोणता नमुना मनात धरला आहे हे आधी विचारावे. घरी जांभळ्यास ‘वांगी’ म्हणणारे मूल रंग ओळखण्यात चुकलेले नसते. त्याला पुस्तकातील शब्द तेवढा सांगावयाचा राहिलेला असतो. त्याचा घरचा शब्द पुसून न टाकता त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा.

एखादे मूल तांबडा व हिरवा, अथवा तपकिरी व हिरवा यांत वारंवार गल्लत करीत असेल, तर त्यास मंद अथवा दुर्लक्षी समजू नये व वर्गासमोर हसू होऊ देऊ नये. त्याच्या दृष्टीत जन्मजात भेद असण्याचा संभव असतो. अशा मुलास नमुने जवळजवळ ठेवून दाखवावे, रंगीत खडूंवर नावे लिहून द्यावी, पालकांशी बोलावे आणि आरोग्य तपासणीच्या वेळी वैद्यांच्या नजरेस ही गोष्ट आणून द्यावी. फळ्यावरील महत्त्वाचा भेद केवळ तांबड्या व हिरव्या खडूने दाखवू नये. त्याजोडीस रेघ, ठिपके वा अक्षर यांची खूण करावी.

परीक्षेत रंगाविषयी प्रश्न घालावयाचा झाल्यास कोणत्या नमुन्याचे नाव विचारले आहे, हे समोर ठेवावे. छापील चित्रातील रंग छपाईत बदलतो. तेव्हा एका शब्दाचा आग्रह धरून गुण कापणे उचित नव्हे.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील गुरांच्या रंगांची नावे गुराख्याकडून विचारून आणा. प्रत्येक नावापुढे तो रंग रंगपट्टीतील कोणत्या क्रमांकाशी जुळतो, ते लिहा.
२. ओली माती व तीच वाळलेली माती यांचे रंग रंगपट्टीशी ताडून पाहा. नाव तेच ठेवता येईल काय?
३. एकच दोरा सकाळी व्हरांड्यात आणि रात्री दिव्याखाली पाहा. दोन्ही वेळचा रंग लिहून ठेवा व दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या नोंदीशी जुळवून पाहा.
४. दुकानातून दोरा आणावयाचा असल्यास केवळ रंगाचे नाव सांगून आणा आणि मग जुना तुकडा सोबत नेऊन आणा. कोणत्या वेळी दोरा कापडाशी अधिक जुळला, ते वर्गात सांगा.